लेकीकडे गेली होती, तेवढंच

मी एक जुना पासपोर्ट आहे. ज्या दुपारी ती बातमी कळली, त्या दुपारी मी मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात होतो, आणि मिस्त्री जीव तोडून धावत होते.

मित्रांनो, इतक्या वेगाने मी कधीच गेलो नव्हतो! विमानातसुद्धा नाही. विमानात बसले की वेग कळतच नाही. पण मिस्त्रींच्या खिशात पावलापावलाला कळत होता. त्यांची छाती धाडधाड वाजत होती आणि मी तिच्यावर आपटत होतो. थोड्याच वेळापूर्वी हॉस्पिटलमधल्या रक्ततपासणीच्या बाई वॉर्डबाहेर आल्या होत्या आणि त्यांनी मिस्त्रींना विचारले होते, "तुमच्या बायकोचा पासपोर्ट आहे का घरी? कुठून आल्या, कधी आल्या, सगळं हवंय. लवकर आणा." मिस्त्री घरी आले. त्यांनी कपाटाचा खण इतक्या जोरात ओढला की खणच जमिनीवर आला. मला उचलले आणि उलट पावली निघाले.

हॉस्पिटलची लिफ्ट वर गेलेली होती. तीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस लिफ्टसाठी थांबला नाही. चार मजले जिन्याने चढला. आणि मी? खोटे कशाला सांगू, मी आनंदात होतो. शेवटी कोणाला तरी माझी गरज पडली होती! सगळे माझ्यात होते. सतरावे पान! कोणता देश, कोणती तारीख, सगळे तिथे ठसठशीत उमटलेले होते. फक्त कोणी तरी उघडायचा अवकाश होता.

मिस्त्रींनी मला जिन्यातच उघडले. वॉर्डच्या दाराशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी मला हातात घेतले नाही. मिस्त्रींचे कोपर धरले.

"काका, बसा."

"आणलाय. तारीख आहे यात. हे बघा."

"बसा ना, काका."

मिस्त्री बसले नाहीत. मला पुढे धरून तसेच उभे राहिले. बराच वेळ माझे सतरावे पान उघडेच होते आणि ते कोणीही वाचत नव्हते.

आता पहिल्यापासून सांगतो, म्हणजे सतराव्या पानावर काय होते ते तुम्हाला समजेल.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. कागद छापला, घडी घातली, मधोमध दोऱ्याने शिवले, वर जाड पुठ्ठा चिकटवला. मग एका यंत्राने माझ्या पानापानांतून बारीक भोके पाडून माझा नंबर काढला. दुखले, पण मिरवावेसे वाटले. छापखान्यात आम्ही हजारो भावंडे होतो, आणि प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट: आपल्यात कोणाचा फोटो येणार? कोणी म्हणे, खेळाडूचा. कोणी म्हणे, मोठ्या गायकाचा. माझ्यात आला एका चष्मेवाल्या बाईंचा.

त्या बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. त्यांच्या हातून गेलेली काच कधी सैल झाली नाही, असे गिऱ्हाईक सांगायचे. गंमत अशी की फोटो काढताना चष्मा काढावा लागला. चष्म्याशिवाय बाईंना काही म्हणजे काही दिसत नसे. त्यामुळे फोटोत त्या अशा बघताहेत की जणू कोणीतरी हाक मारली आहे आणि कोणी ते कळत नाही.

मी घरी आलो त्या दिवशी मिस्त्रींनी फोटो पाहिला आणि पोट धरून हसले. "याच्याखाली लिहायला पाहिजे होतं, ही बाई सापडल्यास कळवावे."

"हसा," बाई म्हणाल्या. "स्वतःचा काढा आधी, मग हसा. चला की तुम्ही पण."

"मी? विमानात?"

"दिवसभर दहा-दहा मजले वर-खाली करता ना?"

"लिफ्टला दोर असतो," मिस्त्री म्हणाले. "विमानाला काय असतं?"

मिस्त्रींनी पासपोर्ट काढला नाही.

बाईंना जायचे होते लेकीकडे. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या एका उष्ण देशात राहायला गेली होती. जावई तिथे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला होते. निघण्यापूर्वी बाई लसीच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या नर्सने त्यांना मलेरियाच्या गोळ्या दिल्या, अंगाला लावायचे मलम दिले, घडीची मच्छरदाणी घ्यायला लावली आणि बजावून सांगितले, "एक गोळी चुकवायची नाही. परत आल्यावरसुद्धा सांगितलेत तेवढे दिवस घ्यायच्या."

आणि मग, मित्रांनो, तो दिवस आला! विमानतळावर काचेमागे एक अधिकारी बसला होता. त्याने मला उघडले, बाईंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा बाईंकडे पाहिले. शिक्का उचलला. मी श्वास रोखला.

ठप्प!

काय सांगू तुम्हाला! अंगावर पहिला शिक्का पडतो तेव्हा कसे वाटते ते कोऱ्या वहीला विचारू नका, तिला नाही कळायचे. उतरल्यावर दुसरा ठप्प! परत येताना तिसरा, चौथा! घरी आल्यावर बाई मला उघडून शेजारच्या मुलांना शिक्के दाखवायच्या, आणि मुले त्यांवरून बोट फिरवायची.

बाईंचा कोणत्याच कपाटावर विश्वास नव्हता. परक्या घरी तर नाहीच. त्यांनी मला एका कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवले, आणि लेकीच्या घरी असेपर्यंत मी त्यांच्या गळ्यातच राहिलो. म्हणून मला सगळे माहीत आहे.

पहिल्या खेपेला त्यांनी नर्सचे सगळे ऐकले. लांब बाह्यांचे कपडे, मलम, मच्छरदाणी, वेळेवर गोळी. दुसऱ्या खेपेला जावयांच्या आई हसल्या. "अहो विहीणबाई, आम्ही काय जंगलात राहतो का? आमच्या घरात कुठले डास?" तिसऱ्या खेपेला बाई न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, गुपचूप गोळी घेऊ लागल्या. विहीणबाईंना वाईट वाटायला नको. चौथ्या खेपेला गोळ्या घरीच राहिल्या. मिस्त्रींनी निघताना विचारले, "अगं, ते औषध घेतलंस का?"

"परदेश कसला हो," बाई म्हणाल्या, "लेकीचं घर आहे ते."

त्या खेपेला काही झाले नाही. बाई ठणठणीत परत आल्या. पण मित्रांनो, एकदा काही झाले नाही म्हणजे पुढेही काही होणार नाही, असे नसते. त्या गावात जन्मभर राहिलेल्या माणसांच्या अंगाला त्या तापाची थोडीफार ओळख झालेली असते. पाहुण्याच्या अंगाला ती नसते. पाहुणी सख्खी आई असली, तरी डासाला नाती कळत नाहीत.

पाचवी खेप सगळ्यांत आनंदाची! लेकीला मुलगा झाला. बाई दोन महिने राहिल्या, आणि गोळ्या याही खेपेला घरीच होत्या. लेकीने पाळण्यापुरती एक छान जाळी आणली होती. बाई रोज तिचे काठ गादीखाली खोचायच्या, चारी बाजूंनी तपासायच्या. काच बसवताना कड तपासत तशाच. बाळ पहाटे उठून रडायचे. लेकीची झोप मोडू नये म्हणून बाई त्याला दुपट्यात गुंडाळून, वर जाळीचा तुकडा टाकून, मागच्या ओसरीवर फेऱ्या मारायच्या. बाळाचे नखही बाहेर नसायचे. बाईंचे पाय मात्र उघडे असायचे.

एका पहाटे मी एका डासाच्या मादीला ऐकले. बारीक, सुईसारखा आवाज. ती बाईंच्या घोट्यावर बसली. बाईंनी एका पायाने दुसरा पाय खाजवला आणि बाळाला म्हणाल्या, "ए लबाडा, झोप ना आता." तेवढेच.

मग सतराव्या पानावर शेवटचा शिक्का पडला, आम्ही घरी आलो, आणि मी खणात गेलो.

अकराव्या दिवशी बाईंना ताप आला. विमानातला गारवा बाधला, असे ठरले. घरातली तापाची गोळी दिली. ताप उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी मला खणातून बाईंचा आवाज आला. "अहो, जाळी नीट खोचली का? कोपरा सुटलाय बघा तिकडचा." घरात ना पाळणा होता ना जाळी. मिस्त्री आधी हसले. मग त्यांचे हसणे थांबले.

पुढचे मी पाहिले नाही. मिस्त्रींनी नंतर सांगितले, म्हणजे मला नव्हे, रिकाम्या खोलीला. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, त्यामुळे मला ती पाठ झाली आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर एक मुलगी फॉर्म भरत होती. नाव, वय, काय होतंय. मग तिने विचारले, "गेल्या काही महिन्यांत परदेश प्रवास?"

मिस्त्री म्हणाले, "नाही. लेकीकडे गेली होती, तेवढंच."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

लेक कुठे राहते, हे तिने विचारले नाही. मिस्त्रींनी सांगितले नाही. ते खोटे बोलत नव्हते, मित्रांनो. प्रवास म्हणजे हॉटेल, फोटो, समुद्रकिनारा. लेकीकडे जाणे हा त्यांच्या लेखी प्रवास नव्हताच.

दोन दिवस डॉक्टर दुसऱ्याच तापाशी झुंजत होते. आमच्या गावात मलेरिया कोणी वर्षानुवर्षे पाहिलेला नव्हता, मग डोक्यात येणार कसा? आणि मी खणात, घरभाड्याच्या पावत्यांखाली! मी ओरडत होतो. मला उघडा! सतरावे पान! पण पासपोर्टला तोंड कुठे असते? तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिला आणि त्यांना तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या. मलेरियाच्या जंतूच्या. त्या वॉर्डकडे धावल्या. पण तोवर तो ताप बाईंच्या मेंदूपर्यंत पोचला होता.

मेलेल्या माणसाचा पासपोर्ट कचेरीत परत द्यायचा असतो. तिथे त्याचा कोपरा कापतात. मिस्त्री मला घेऊन गेले, टोकन घेतले, बाकावर बसले. त्यांचा आकडा आला. ते उठले आणि घरी आले. तेव्हापासून मी त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. टेस्टर, पेन्सिल आणि मी. माझ्या पाठीवर ग्रीसचे डाग पडले आहेत. देशोदेशीचे शिक्के मिरवणारा मी, आता लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो!

लेक आली होती, आठ दिवस, तान्ह्या बाळाला घेऊन. जायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "बाबा, माझ्या घरात चावला तो डास. मी एकच जाळी आणली. पाळण्यापुरती. आईला आणली असती तर?"

"असं बोलू नये," मिस्त्री म्हणाले.

"मग कसं बोलू? माझ्यामुळेच झालं ना?"

मिस्त्रींचा हात खिशाशी आला. मला वाटले, आता सांगतात. फॉर्मचे, काउंटरचे, 'तेवढंच' म्हणाल्याचे. हात तसाच खाली गेला. "डबा भरून देतो तुला वाटेसाठी," ते म्हणाले.

आणि आता ऐका, आता माझ्या आयुष्यातला सगळ्यांत थरारक दिवस येतो!

मिस्त्रींचा एक जोडीदार आहे. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणतात. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तरी डोके वर राहते त्याचे. कंपनीने त्याला एका नव्या इमारतीत लिफ्ट बसवायला महिनाभर तशाच एका उष्ण देशात पाठवले होते. परत आला तेव्हा सगळ्यांसाठी किल्ल्यांची साखळी घेऊन आला आणि मिस्त्रींना म्हणाला, "बघ, विमानाला दोर नव्हता तरी आलो." दोन आठवडे झाले. एके सकाळी तो कामावर आला नाही. मिस्त्रींनी फोन केला, तर त्याच्या बायकोने उचलला.

"ताप आहे हो भाऊजी, परवापासून. काल डॉक्टरांना दाखवलं, व्हायरल आहे म्हणाले. पण आज काहीतरीच बडबडताहेत."

मिस्त्री तेव्हा एका लिफ्टच्या छतावर उभे होते. पाना टाकला, खाली उतरले, वीज बंद केली, पाटी लावली आणि निघाले. खाली दोन आजीबाई पिशव्या घेऊन थांबल्या होत्या.

"अहो, लिफ्ट कधी सुरू होणार?"

"जिना आहे!"

"आम्हाला सहाव्या मजल्यावर जायचंय!"

"मग बसा, गप्पा मारा! आलोच!"

लांब्या कोचावर आडवा पडला होता, पाय कोचाबाहेर लोंबत होते. मिस्त्रींना पाहून म्हणाला, "दार नीट लागत नाहीये, आठव्यावर अडकलोय, कोणाला तरी पाठव." त्याचा डोळा मिस्त्रींवर होता आणि नव्हताही.

"परदेशी जाऊन आला ते सांगितलंस डॉक्टरांना?" मिस्त्रींनी त्याच्या बायकोला विचारले.

"त्यांनी विचारलंच नाही. आणि फिरायला थोडेच गेले होते? कामाला गेले होते."

मिस्त्रींनी लांब्याचे खांदे धरून त्याला उठवून बसवले. मग म्हणाले, "पासपोर्ट काढ त्याचा. आत्ताच्या आत्ता!"

आणि मित्रांनो, माझ्या खिशात दुसरा पासपोर्ट आला! कोरा करकरीत, अजून डिंकाचा वास येत होता त्याला. बिचारा थरथरत होता. "काका, काय झालंय?" त्याने विचारले. मी म्हणालो, "घाबरू नकोस. शिक्के ठळक आहेत ना तुझे? मग झालं तर. आज तुझंच काम आहे."

टॅक्सीत लांब्याला आडवे घातले, त्याची बायको पुढे बसली. तो मावेना, तेव्हा खिडकीची काच खाली करून एक पाय बाहेर. टॅक्सीवाला म्हणाला, "पाय आत घ्या, पोलीस पकडतील." मिस्त्री म्हणाले, "पकडू दे, त्यांनाही बसवू आत. तू चालव!"

तेच हॉस्पिटल. तोच काउंटर. तीच मुलगी.

"आधी फॉर्म भरा, काका."

मिस्त्रींनी आम्हा दोघांना तिच्यापुढे टेबलावर ठेवले. ठेवले कसले, आपटले! "फॉर्मच्या आधी हे लिही. हा परदेशातून आलाय. पंधरा दिवस झाले. ताप आहे, भान नाही. डास चावलेत. मलेरियासाठी रक्त तपासा. आत्ता." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि ही माझी बायको. हिच्या वेळी मी नाही म्हणालो होतो. तू खूण केली होतीस. आठवतं?"

मुलीने मला उघडले. बाईंचा फोटो पाहिला, तो हाक ऐकून शोधणारा चेहरा. नव्या पासपोर्टची पाने भराभर उलटली, शिक्का सापडला, आणि फोन उचलला. "इमर्जन्सी. परदेशातून आलेला पेशंट आहे. रक्ततपासणीला सांगा."

त्यानंतर सगळेच धावले! चाकाची खाट धावली, रक्ततपासणीच्या बाई धावल्या, रक्ताचा थेंब काचेवर पसरला. आम्ही दोघे खिशात एकमेकांना चिकटून बसलो होतो. तासाभरात दार उघडले. रक्ततपासणीच्या बाई म्हणाल्या, "आहेत. अंगठ्या आहेत. पण वेळेत आलात." शिरेतून औषध सुरू झाले, त्याच तासाला.

तिसऱ्या दिवशी लांब्याने डोळे उघडले आणि पहिले वाक्य बोलला, "ही खाट कोणी निवडली? पाय कुठे ठेवू मी?" त्याची बायको हसता हसता रडायला लागली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खिशात मला त्यांच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. या वेळी ते जिना चढल्याचे नव्हते.

डिस्चार्जच्या दिवशी लांब्या मिस्त्रींना म्हणाला, "माझ्या बायकोने सगळं सांगितलं. काउंटरवर तू काय बोललास ते."

"बोललो खरं."

"लेकीला सांगितलंस का?"

"रविवारी फोन येतो तिचा," मिस्त्री म्हणाले.

"मी विचारलं, सांगितलंस का?"

"पाय आवर तुझे, गाडी आलीय," मिस्त्री म्हणाले.

त्या काउंटरवरची मुलगी आता 'परदेश प्रवास?' एवढेच विचारून थांबत नाही. ती विचारते, "कोणाकडे राहायला गेला होता का? लेकीकडे, भावाकडे, कामाला, लग्नाला? ते कुठे राहतात?" लोक वैतागतात. कोणी म्हणते, तुला काय करायचंय आमच्या सोयरिकीशी? तरी ती विचारते.

मित्रांनो, मी कागदाचा माणूस. मला औषध कळत नाही. पण एवढे कळते की डास शिक्का मारत नाही. तो कधी चावला, तुम्हालाही आठवणार नाही. मलेरियाच्या डासांच्या गावी जायचे असेल, तर गोळ्या आणि मच्छरदाणी घ्या, आणि कोणाचे वाईट वाटेल म्हणून न्हाणीघरात लपवू नका. दुसऱ्याही जातीचे डास असतात, तेही मेंदूला ताप आणतात. त्यांपैकी काहींवर लस मिळते. निघण्यापूर्वी विचारा. परत आल्यावर ताप आला, आठवड्याने येवो की काही महिन्यांनी, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. दारातूनच सांगा: मी बाहेरून आलोय. आजीकडून आला असाल तरी सांगा. आणि माझ्यासारखा एखादा पासपोर्ट तुमच्या घरात असेल, तर त्याला पावत्यांखाली दाबून ठेवू नका. त्याला जे माहीत असते ते कधीकधी दुसऱ्या कोणालाच माहीत नसते.

लांब्या आता कामावर येतो. दुपारी डबा खाताना तो मिस्त्रींकडे नुसता पाहतो, विचारत नाही. लेकीचा फोन दर रविवारी येतो. बाळ बसायला लागले आहे. बोलून झाले की ती दर वेळी म्हणते, "बाबा, मी ती दुसरी जाळी आणायला हवी होती." मिस्त्री म्हणतात, "असं बोलू नये," आणि फोन ठेवतात.

असे नऊ रविवार झाले. काउंटरवर आपण काय बोललो, ते मिस्त्रींनी लेकीला अजून सांगितलेले नाही.